फिल्मवरचा गोंधळ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे 'गोंधळ' या शब्दाचा एकच अर्थ होता : टीचर वर्गाबाहेर गेल्यावर आम्ही जो करायचो तो! तुळजाभवानीच्या जिल्ह्यात इंजिनिअरिंगला आले, तेव्हा कळलं की गोंधळ हा घालतात, तो रात्रभर चालतो, आणि त्यात संबळ नावाचं वाद्य असतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात लोहारा तालुक्यातल्या एका गावी मामेबहिणीच्या लग्नाचा गोंधळ होता. मामांनी त्यांचा जुना पेंटॅक्स के-१००० कॅमेरा माझ्या हातात दिला. "रोल एकच आहे. छत्तीस फोटो. जपून." एवढंच म्हणाले. अंगणात चौक मांडला होता, दिवटी पेटली होती, आणि सत्तरीचे एक गोंधळी बाबा गळ्यात कवड्यांची माळ घालून, कमरेला संबळ बांधून उभे होते. मी धडाधड फोटो काढत सुटले. काउंटर छत्तीसच्या पुढे गेला तरी लिव्हर आपलं फिरतंय! मला वाटलं, वा, नशीब जोरावर आहे, दोन-चार फोटो जास्तीचे मिळाले.

मामांनी सकाळी कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्मचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. ते बाहेर निवांत लोळत होतं. अख्ख्या गोंधळात फिल्म जागची हलली नव्हती.

यात हसण्यासारखं खूप आहे, आणि मामेभावंडं अजून हसतात. पण त्या रात्री जेवणाच्या पंगतीत बाबा माझ्याशेजारी बसले होते. ते म्हणाले होते, "लेकी, माझा एक फोटो नीट दे. भिंतीला लावण्याजोगा. मोबाइलात समदेच काढतेत, हातात कुणीच देत न्हाई." त्यांच्या वडिलांचा संबळ वाजवतानाचा एकच फोटो घरात होता, कुठल्याशा जत्रेत काढलेला, काचेच्या फ्रेममधला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. फोटोची भिंतही त्यातच गेली. आता वडील दिसायचे कसे, ते फक्त बाबांनाच आठवतं. त्यांच्या मुलाला नाही, नातवाला तर नाहीच.

आणि मी त्यांना "हो, नक्की देते" म्हणून बसले होते!

त्यानंतरचे पाच-सहा महिने मी जे शिकले, ते या लेखात लिहिते आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना फिल्म कॅमेरा पडून आहे (आणि हॉस्टेलमध्ये विचारलं तर निम्म्या जणांच्या घरी तो आहे), त्यांना उपयोगी पडेल.

फिल्मच का?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो. खरं तर पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीतच स्टीव्हन सॅसन या इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरने बनवला. म्हणजे फिल्मला घरघर लावण्याचं श्रेय आपल्याच ब्रँचकडे जातं! आपल्या देशातही उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० मध्ये स्थापन झालेला. 'इंदू' या नावाने त्यांची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म यायची. तो कारखाना आता बंद झाला. आज फिल्म बाहेरून येते, आणि एका रोलला आमच्या मेसचं आठवड्याचं बिल जातं.

मग फिल्मच का? माझं उत्तर साधं आहे. रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, आणि काढलेला फोटो लगेच बघता येत नाही. म्हणून तुम्ही कॅमेऱ्याच्या पाठीमागे न बघता समोर बघता. संगीताच्या बाबतीत तर बघण्याच्या आधी ऐकावं लागतं. ते का, हे पुढे गणित मांडून सांगते.

धडा पहिला : रोल नीट भरा

माझ्यासारखी फजिती नको असेल तर एवढं करा. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेत घाला. एकदा लिव्हर फिरवून दोन्ही कडांची भोकं दातऱ्यांवर बसली का ते बघा, मगच पाठ बंद करा. आता डावीकडची रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. त्यानंतर प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना ती मूठ आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म चालली आहे. नाही फिरली, तर तुम्ही माझ्यासारखा रिकाम्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम करत आहात. काउंटरवर विश्वास ठेवू नका. तो लिव्हर मोजतो, फिल्म नाही.

अजून एक गोष्ट. के-१००० ला लाइट मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं की अंधार होतो आणि मीटर झोपतो. झाकण न लावता कॅमेरा कपाटात ठेवला तर सेल उतरतो. मात्र सेल संपला तरी शटर चालतं, कारण ते पूर्ण मेकॅनिकल आहे. सेल फक्त मीटरसाठी.

धडा दुसरा : दिवटीचा उजेड आणि काळी शेळी

उजेड मोजायला तीन आकडे लागतात : फिल्मचा आय.एस.ओ., लेन्सचं छिद्र म्हणजे अॅपर्चर, आणि शटर स्पीड. एकेक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. भर उन्हात नियम सोपा आहे : अॅपर्चर एफ-१६, आणि शटर म्हणजे एक भागिले आय.एस.ओ. फिल्म ४०० ची असेल तर १/५००. आपल्या जिल्ह्यात वर्षातले आठ महिने एवढं पाठ असलं तरी पुरतं.

रात्री अंगणात दिवटी आणि एक-दोन बल्ब एवढाच उजेड असतो. मी मोजलं तेव्हा ४०० च्या फिल्मला एफ-२ वर १/६० मिळत होतं. हीच फिल्म १६०० ची आहे असं समजून वापरली तर दोन स्टॉप मिळतात, म्हणजे एफ-२ वर १/२५०, किंवा एफ-२.८ वर १/१२५. याला 'पुश' करणं म्हणतात. मग डेव्हलपिंगला वेळ जास्त द्यायचा. फुकट मात्र काही मिळत नाही. अॅम्प्लिफायरचा गेन वाढवला की नॉइजही वाढतो, तसंच इथे दाणा मोठा होतो, कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि जिथे मुळात उजेडच पोचला नाही त्या सावल्या काळ्याच राहतात.

रंगीत फिल्म का नाही? साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते, सुमारे ५५०० केल्विनसाठी. दिवटीची ज्योत २००० केल्विनच्या आसपास. सगळं नारिंगी येतं. ते कमी करायला निळा फिल्टर लावला तर तोच दोन स्टॉप खातो. म्हणून रात्रीसाठी ब्लॅक अँड व्हाइट.

आता मीटर कसा फसतो ते बघा. कॅमेऱ्याच्या मीटरला वाटतं की जग मध्यम राखाडी रंगाचं आहे. मी सरावाला उस्मानाबादी शेळीचा फोटो काढला. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र अजून उस्मानाबादीच आहे.) शेळी काळीभोर, फोटोत आली राखेसारखी. कारण काळं बघून मीटर म्हणाला "उजेड कमी आहे", आणि मी त्याचं ऐकलं. शेळीसाठी मीटर सांगेल त्यापेक्षा एक-दीड स्टॉप कमी उजेड द्यायचा. पांढरं धोतर, टोपी, चुन्याची भिंत यांच्यासाठी उलटं, एक-दीड स्टॉप जास्त.

दिवटीच्या बाबतीत धोका मोठा. ज्योत फ्रेममध्ये आली की मीटर दिपतो आणि माणसांचे चेहरे काळे पडतात. उपाय असा : आपला तळहात चेहऱ्यावर पडतो तशाच उजेडात धरा, कॅमेरा जवळ नेऊन फक्त तळहाताचं मीटर वाचा, आणि एक स्टॉप जास्त द्या. मग आकडे तसेच ठेवा, मीटरकडे पुन्हा बघू नका. फ्लॅश तर वापरूच नका. दिवटीचा सगळा उजेड तो मारून टाकतो, आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आणतो.

धडा तिसरा : संबळाचं एस.एच.एम.

आता मुख्य मुद्दा. संबळ दोन काड्यांनी वाजतं. काडीचं टोक वर जातं, खाली येतं. अगदी शुद्ध सिंपल हार्मोनिक मोशन नाही, पण पहिल्या वर्षाच्या फिजिक्सने अंदाज करायला हरकत नाही. समजा अॅम्प्लिट्यूड १० सेंटिमीटर, आणि सेकंदाला चार थापा. मग ओमेगा सुमारे २५, आणि मधल्या बिंदूवरचा वेग सेकंदाला २.५ मीटर.

शटर १/६० असेल तर तेवढ्या वेळात टोक ४ सेंटिमीटर सरकतं. तीन मीटरवरून ५० मि.मी. लेन्सने प्रतिमा साधारण एक साठांश होते, म्हणजे फिल्मवर ०.७ मि.मी.चा फराटा. डोळ्याला तीक्ष्ण वाटायला तो ०.०३ मि.मी.च्या आत हवा. १/२५० केलं तरी फराटा ०.१७ मि.मी. उरतोच. फिल्म पुश करून, लेन्स पूर्ण उघडूनही भागत नाही.

पण एस.एच.एम.मध्ये टोकाच्या बिंदूवर वेग शून्य असतो! काडी सर्वांत वर असताना, तोच १/६० सेकंद पकडला तर टोक फक्त २ मिलिमीटर हलतं. म्हणजे ४ सेंटिमीटरचे २ मिलिमीटर झाले. फिल्म तीच, लेन्स तीच, शटर तेच. बदलला फक्त क्षण.

आता तो क्षण डोळ्यांनी बघून पकडता येईल का? नाही. काडी वर दिसली आणि बोट दाबलं, यात माणसाला सेकंदाचा पाचवा भाग जातो. सेकंदाला चार थापा असतील तर तोवर पुढची थाप पडायला आली. शिवाय एस.एल.आर. कॅमेऱ्याची एक गंमत आहे. फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण तुम्हाला दिसला तो फिल्मवर नाही, आणि जो फिल्मवर आहे तो तुम्ही पाहिलेलाच नाही!

मग उरतं काय? ऐकणं. ताल ऐकून पुढची थाप कधी येणार हे आधीच ओळखायचं, आणि तिच्या किंचित आधी, हात वर असताना, बोट दाबायचं. टाळी द्यायला आपण जसा आधीच हात उचलतो, तसं. पहिल्या गोंधळात मी दोन तास कॅमेऱ्यातून बघत होते आणि काहीही ऐकलं नव्हतं. फिल्म नीट भरली असती तरी बहुतेक फोटो फराट्यांचेच आले असते, याची आता मला खात्री आहे.

पुण्याला १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. तिथल्या गायक-वादकांचे सतीश पाकणीकर यांनी फिल्मच्या काळापासून काढलेले फोटो बघा. गायकाचा हात नेमका हवेत थांबलेला असतो, डोळे मिटलेले, सम यायच्या बेतात. ऐकणाऱ्या माणसाने काढलेले ते फोटो आहेत हे लगेच कळतं.

गोंधळात छत्तीस फोटो कसे वाटायचे, तेही सांगते. आधी देवदेवतांचं आवाहन होतं, तेव्हा वाजवणं जोरात असतं. तिथे बारा. मग आख्यान. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून हसवतो, तुणतुणं हळू चालतं. इथे चेहरे मिळतात, ऐकणाऱ्यांचेही. तिथे बारा. शेवटी आरती, तिला सहा. उरलेले सहा कशासाठी, ते खाली.

धडा चौथा : वाजत नसताना

रघु राय यांनी बिस्मिल्ला खाँ, भीमसेन जोशी अशा मोठ्या कलावंतांचे फोटो मंचावर काढले, तसे त्यांच्या घरी आणि रियाजाच्या वेळीही काढले. मला ते बघून पटलं की संगीताचे निम्मे फोटो वाजत नसतानाचे असतात. वाद्य बांधताना, चहा पिताना, झोपलेल्या नातवाला बाजूला सरकवून बसताना. म्हणून ते सहा राखून ठेवायचे.

रोजच्या जगण्याचे फोटो काढायचा सराव मी आपल्याच जिल्ह्यात केला. तेरला गोरोबाकाकांच्या देवळात दुपारी भजन करणारे चार म्हातारे आणि एक टाळ. एस.टी. स्टँडवर बोर्ड बघत उभे असलेले लोक. भूम तालुक्यात कुंथलगिरीच्या रस्त्याला खव्याच्या भट्टीवर कढईत उलथनं फिरवणारा माणूस. हीसुद्धा एक लयच आहे, तिथेही उलथनं टोकाला गेलं की क्षणभर थांबतं. आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारे लोक. सुमारे ४५ किलोमीटर. पहाटे रस्त्याकडेला चपला उशाशी घेऊन झोपलेले पाय मी १/३० वर काढले. झोपलेल्या माणसाला एस.एच.एम. लागत नाही.

इथे एक युक्ती फार कामाची आहे. रस्त्यावर फोकस करत बसलं की लोक आपल्याकडे बघायला लागतात. म्हणून दिवसा एफ-११ ठेवा आणि फोकस आधीच ३ मीटरवर लावून ठेवा. ५० मि.मी. लेन्सला मग सुमारे २ ते ५ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, दाबायचा, खाली घ्यायचा. संपलं.

पण चोरून नाही. मी आधी जाऊन बसते, बोलते, अर्धा तास कॅमेरा मांडीवरच असतो. "नको" म्हटलं की नको. देवळात कॅमेरा चालत नाही तिथे तो पिशवीतून बाहेरच काढत नाही. आणि ज्यांना प्रिंट देते म्हटलं त्यांची नावं वहीत लिहिते. हा शेवटचा नियम मी कुठून शिकले ते तुम्हाला माहीतच आहे.

धडा पाचवा : हॉस्टेलच्या बाथरूममधली लॅब

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुता येते. लागतं काय? एक डेव्हलपिंग टँक, अंधारात फिल्म भरायला चेंजिंग बॅग, थर्मामीटर, डेव्हलपर, फिक्सर आणि पाणी. टँकमध्ये फिल्म भरणं पूर्ण अंधारात. जुन्या वाया गेलेल्या रोलवर उजेडात डोळे मिटून दहा वेळा सराव करा. (माझा तो पहिला कोरा रोल अखेर याच कामी आला!)

मी एच.पी.-५ फिल्म आणि आय.डी.-११ डेव्हलपर वापरते. २० डिग्रीला ४०० साठी साडेसात मिनिटं, १६०० ला पुश केली तर चौदा. डेव्हलपरनंतर साध्या पाण्याने खळबळून घ्यायचं, मग फिक्सर, मग भरपूर पाणी, आणि क्लिप लावून दोरीवर वाळत.

अडचण आहे ती '२० डिग्री'ची. हे आकडे इंग्लंडमध्ये ठरले. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये हाताला चटका देतं. पाणी गरम असेल तर वेळ कमी करावा लागतो. २४ डिग्रीला साडेसातची साधारण साडेपाच मिनिटं होतात. पण पाच मिनिटांच्या खाली गेलात तर फिल्म सारखी धुतली जात नाही, डाग येतात. म्हणून बादलीत बर्फाचं पाणी घेऊन डेव्हलपरची बाटली त्यात उभी करायची. बर्फ बाटलीच्या आत टाकायचा नाही. मी टाकला होता, डेव्हलपर पातळ झाला आणि तेरचे म्हातारे भुतासारखे फिके आले. मेसच्या मावशी बर्फ देताना रोज विचारायच्या, "सरबत कधी पाजणार?" फिक्सरचा वास व्हिनेगरसारखा येतो, तेव्हा रेक्टर मॅडमना आधीच सांगून ठेवा. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

पुन्हा त्या गावी

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांच्या गावी गेले. शेजारच्या वस्तीवर गोंधळ होता. रोल भरला, मूठ फिरते का ते बघितलं, परत बघितलं. बाबांनी मला ओळखलं. "फोटो आणलास का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मग आता काढ. पर आता मी लई वाजवत न्हाई."

उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला होता. संबळ आता मुलाच्या कमरेला होतं. बाबा चौकाजवळ बसून झांज वाजवत होते, आवाहन म्हणत होते. मी मुलाचे फोटो काढले. ताल ऐकत, मोजत. जमत होतं. पण ज्या फोटोचं वचन दिलं होतं तो हा नव्हता.

आख्यान सुरू होण्याआधी मध्यंतर झालं. संबळाच्या दोऱ्या सैल झाल्या होत्या. बाबांनी ते मांडीवर घेतलं, एकेक दोरी ओढली, कान जवळ नेऊन बोटाने टकटक केलं, पुन्हा ओढली. मी दोन फोटो काढले. मग त्यांनी काड्या उचलल्या, आवाज लागला का बघायला. बसल्या बसल्याच वाजवायला लागले. हळू सुरू केलं, मग चढवत नेलं. अंगणातली पोरं गप्प झाली. मुलगा चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला.

माझ्याकडे पाच फोटो उरले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दाबलाच नाही. पहिलं आवर्तन नुसतं ऐकलं. दुसरंही. तिसऱ्यात सम कुठे येते ते पक्कं कळलं. चौथ्यात, तिच्या आधी, दाबलं. व्ह्यूफाइंडर काळा झाला आणि त्याच काळोखात थाप ऐकू आली. अजून दोन काढले, आणि बाबा खांदा चोळत थांबले. सगळं मिळून दोनेक मिनिटं असेल.

चौदा मिनिटं डेव्हलपर, चार पाण्याने निवळणं, पाच मिनिटं फिक्सर. टँकचं झाकण काढताना माझे हात थरथरत होते. तीनपैकी दोन फोटोंत हात फराटला होता. पहिल्यात, जो ऐकून घेतला होता त्यात, काडी डोक्याच्या वर स्थिर होती. दिवटी मागे, कवड्यांवर उजेड, डोळे अर्धवट मिटलेले.

संक्रांतीला मी आठ बाय दहाची प्रिंट घेऊन गेले. बाबांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, "छान आलाय" म्हणतील. ते म्हणाले, "ही कंची थाप हाय, सांगू?" आणि फोटो डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी मांडीवर वाजवायला लागले. हळू, पुन्हा चढवत. एका जागी बोटं वर उचलून थांबले, फोटोतल्या हाताएवढीच वर. "हितं हाय मी. ह्याच्या म्होरं सम."

बरोबर होतं. मी तिथेच दाबलं होतं.

मग फोटो मुलाकडे देत ते म्हणाले, "अजून एक काढून दे लेकी. एक हितं, एक पोरीच्या सासरी. भिंतीचा काय भरवसा."

दुसरी प्रिंटही दिली आहे. निगेटिव्ह माझ्या ट्रंकेत आहे, पाकिटावर तारीख आणि गावाचं नाव घालून. भिंत, मोबाइल, ट्रंक, कशाचाच भरवसा नसतो. पण तीन गावांत तीन ठिकाणी असलं की काळजी जरा कमी होते.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की माळा शोधा. कॅमेरा सापडला तर घेऊन या. लेडीज हॉस्टेलच्या व्हिजिटर्स रूममध्ये रविवारी सकाळी मी असते. रोल तुमचा, केमिकल माझं. बर्फासाठी मात्र मावशींना सरबत पाजावं लागेल.

— तृतीय वर्ष, ई. अँड टी.सी.